इंदुमतीला थोडा भार हवा

माणसानं अंधारावर अखेरचा विजय मिळवला तो हैदराबादेत, काचीगुड्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी. त्या वेळी सगळी इमारत आमरस खाऊन झोपलेली असल्यामुळे विजय कुणाच्या लक्षात आला नाही.

झालं ते एवढंच की सरकारी वीज गेली. पण पंखे फिरत राहिले, लिफ्ट वरखाली करत राहिली, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणी बघत नसताना चाललेला क्रिकेटचा सामना एकही चेंडू न गाळता तसाच पुढं गेला. गच्चीवरच्या सोलरच्या पट्ट्या, जिन्याखालची बॅटरी आणि दोघींच्या मधे मध्यस्थासारखा बसलेला पांढरा इन्व्हर्टर, या तिघांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत कारभार ताब्यात घेतला. वीज गेल्याचं कळलं ते एकट्या अंबाजीराव बिरादारांना. तेही तळमजल्याच्या खिडकीतून समोरच्या झेरॉक्सवाल्याचा पंखा थांबलेला आणि तो गिऱ्हाइकाच्याच कागदानं स्वतःला वारा घालताना दिसला म्हणून.

अंबाजीराव सवयीनं उठले. अनवाणीच पार्किंगमध्ये धावले, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडचं कुलूप काढलं, जनरेटरला किल्ली लावली आणि कान वर करून थांबले. आता वरून हाक येणार होती. "अंबाजीराव, लाईट." गेली कित्येक वर्षं ती येत होती. मग ते किल्ली फिरवणार, जनरेटर खोकणार, धूर सोडणार, आणि घराघरातून "आली, आली" असा आवाज उठणार. त्या आवाजावर अंबाजीरावांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

हाक आली नाही. वरून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज तेवढा आला, तोही अगदी समाधानी.

अंबाजीराव मूळचे उदगीरकडचे. पूर्वी ते सगळं एकाच राज्यात होतं, त्यामुळे हैदराबादेला येणं म्हणजे परमुलखात जाणं असं त्यांच्या घरात कुणी मानत नसे. वाटणीनंतर हिश्श्याला आलेल्या जमिनीत एक माणूस मावेना, तेव्हा ते इकडं आले आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात चिकटले. मग सरकारनं अर्थव्यवस्था खुली केली. वीज मात्र पूर्वीसारखीच बंद राहिली. या दोहोंच्या मधल्या फटीत अंबाजीरावांचा संसार उभा राहिला.

गल्लीत एसटीडी बूथ आलं, झेरॉक्स आलं, कॉम्प्युटर क्लास आला, ब्यूटी पार्लर आलं, आणि रोज दुपारी हे सगळं एकदम बंद पडू लागलं. अंबाजीरावांनी आबिड्सच्या एका मोडीत निघालेल्या हॉटेलचा डिझेल जनरेटर आणला, गल्लीवरून वायरी ओढल्या आणि दुकानागणिक एक ट्यूब, एक पंखा असा उजेड विकायला काढला. कॉम्प्युटर क्लासातल्या पोरांनी पहिलं बटण अंबाजीरावांच्या डिझेलवर दाबलं आणि ती यथावकाश अमेरिकेला गेली. अंबाजीराव काचीगुड्यातच राहिले. कुणीतरी डिझेल भरायला हवं होतं.

जनरेटरच्या हिरव्या अंगावर त्यांनी पांढऱ्या अक्षरांत नाव रंगवून घेतलं होतं, इंदुमती. हे त्यांच्या बायकोचं नाव. इंदुताईंना यात मान वाटावा अशी त्यांची कल्पना होती. पण "आज इंदुमतीनं फार धूर काढला", "इंदुमती सुरू झाली की डोकं उठतं" अशी वाक्यं गल्लीत दिवसाढवळ्या बोलली जात, आणि बोलणाऱ्याला जाब विचारायची सोय नव्हती.

पुढं दिवस पालटले. नवं राज्य आलं आणि वीज जायचीच जवळजवळ थांबली. धंदा वाढल्यावर घेतलेले बाकीचे जनरेटर अंबाजीरावांनी विकले. त्यांचं गल्लीतलं जुनं घर पाडून तिथं पाच मजली इमारत झाली. तिला त्यांनी आग्रहानं आपल्याकडच्या नदीचं नाव दिलं, मांजरा निवास. पुण्याहून राहायला आलेल्या मंडळींना पहिलं वर्षभर ते नाव मांजरीवरून पडलं असावं असंच वाटत होतं. इंदुमती मात्र पार्किंगच्या कोपऱ्यात राहिली. वर्षातून चार-दोनदा वीज जाई, हाक येई, आणि अंबाजीराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खात.

आता ती हाकही गेली होती.

असोसिएशनची बैठक पार्किंगमध्येच भरली. अध्यक्ष हर्षवर्धन पुण्याचा, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत माणसं भरती करण्याच्या हुद्द्यावर. सोलर त्यानंच आणलं होतं. बिल निम्म्यावर आल्यापासून त्याच्या बोलण्यात एक प्रकारची शांत चमक आली होती.

"काका, तुमच्याबद्दल आदर आहेच," तो म्हणाला. या वाक्यानंतर आपल्याला काहीतरी सोडावं लागतं, हे अंबाजीरावांना अनुभवानं माहीत होतं. "पण आता जुना जनरेटर ठेवून काय करायचं? बॅटरी आहे."

"मागच्या पावसाळ्यात रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली होती," अंबाजीराव म्हणाले. "दोन दिवस वीज नव्हती. वर आभाळ. तुझी बॅटरी किती पुरली असती?"

सगळ्यांनी योगिनीकडं पाहिलं. योगिनी देगलूरकर ही सोलर बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर. आजोबा नांदेडकडचे, पण तिचा जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत तीन भाषा पाहुण्यासारख्या येऊन जाऊन असत.

"एक संध्याकाळ," ती म्हणाली. "लिफ्ट जास्त चालवली तर तेवढी पण नाही. जनरेटर पाहिजेच सर."

"मग नवा घेऊ," हर्षवर्धन म्हणाला. "आवाज न करणारा. इन्व्हर्टरशी बोलणारा."

"जुना पण बोलतो, सर. शिकवायला लागतं."

हर्षवर्धन माणूस वाईट नव्हता. कुणाला कामावरून काढायचं तर आधी संधी द्यायची, अशी त्याच्या कंपनीची रीतच होती. येत्या रविवारी परीक्षा ठरली. सरकारी वीज बंद करायची, बॅटरी उतरलीय असं इन्व्हर्टरला भासवायचं आणि इंदुमती आपोआप सुरू होऊन त्याच्याशी जुळते का बघायचं. इन्व्हर्टरनं तिला पत्करलं तर ती राहील. नाही पत्करलं तर अफझलगंजचे हिम्मतराव टेम्पो घेऊन येतील. हिम्मतराव जुन्या यंत्रांचे व्यापारी होते. त्यांना आधीच फोन केलेला होता. ही संधी देण्याच्या रीतीतली शेवटची पायरी.

त्या रात्री अंबाजीराव जेवले नाहीत. "यंत्रच आहे," इंदुताई म्हणाल्या. अंबाजीराव म्हणाले, "हौ." पण त्यांना ठाऊक होतं. इंदुमती गेली की मांजरा निवासात ते तळमजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ उरणार होते. वर्गणी काढताना ज्यांची बेल सगळ्यात आधी वाजवतात, ते.

आठवडाभर योगिनी येऊन वायरी जोडत होती. अंबाजीराव स्टूल टाकून शेजारी बसत.

"पहिले तुम्ही कसं करायचे काका?"

"हे हँडल. वर सरकार, खाली इंदुमती. एका वेळी एकच. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

"बरोबर. आता मधे हा आला," ती इन्व्हर्टरवर टिचकी मारून म्हणाली. "सरकारची लाईन याच्यात जिथं येते, तिथंच इंदुमतीला जोडलं तर लफडं होतं. याला वाटणार, हीच सरकार. मग दुपारी ऊन जास्त झालं की उरलेली वीज तो तिच्याकडं ढकलणार. सरकार ती घेतं, मीटरमध्ये जमा करतं. हिला घेता येत नाही."

"तिला देणंच ठाऊक," अंबाजीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

"जबरदस्तीनं दिली तर बिघडून बसेल. म्हणून हिला वेगळं दार. याला सांगून ठेवलं, या दारातून फक्त घ्यायचं, द्यायचं काही नाही. ऊन जास्त झालं तर उन्हाला दाबायचं."

"सूर्याला दाबणार?"

"थोडंसं."

इंदुमतीचा मान राखायला प्रत्यक्ष सूर्य मागं सरणार हे ऐकून अंबाजीरावांचं मन भरून आलं. आपल्या लग्नात सासऱ्यांनी एवढं केलं नव्हतं.

"आणि किल्ली कुठं लावायची?"

"किल्ली नक्को काका. बॅटरी उतरली की हा या दोन वायरीतून निरोप देणार, ती आपोआप सुरू होणार."

अंबाजीरावांनी किल्ली हातात फिरवली आणि खिशात टाकली. "असू दे," ते म्हणाले. "एखादे वेळी निरोप विसरला तर."

रविवारी सकाळी त्यांनी इंदुमतीला पुसून काढलं, तेल बदललं, स्वतः धुतलेला सदरा घातला. अकराच्या सुमाराला मंडळी खाली जमली. हिम्मतरावही आले होते. प्लास्टिकच्या खुर्चीत टेकून ते इंदुमतीकडं, मुलगी बघायला आलेला माणूस जितपत बघतो, तितपतच बघत होते.

"बिरादार, वाईट वाटून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "मी तोडणार नाही. जहीराबादकडं एका शेतात बोअरवर लावतो. मोकळी हवा आहे."

"अजून निकाल लागायचाय," अंबाजीराव म्हणाले.

योगिनीनं सरकारी वीज पाडली, इन्व्हर्टरच्या पडद्यावर दोन बटणं दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग शेडमध्ये कुणाचाही हात न लागता इंदुमती खोकली, थरथरली आणि सुरू झाली. अंबाजीरावांचा हात खिशात किल्लीवर होता.

"आता?" हर्षवर्धननं विचारलं.

"आता हा तिला पारखतो. सरकारी वीज सेकंदाला पन्नास वेळा झोका घेते. हिनं पण पन्नासावर एक मिनिट सरळ उभं राहायचं. राहिली की टक असा आवाज येईल, दार उघडेल."

सगळे पडद्याकडं बघत राहिले. पडदा म्हणाला एकावन्न. मग बावन्न. मग एकदम साडेअठ्ठेचाळीस. पुन्हा एकावन्न. इंदुमतीचा आवाजही तसाच वरखाली होत होता, लांबलचक उसासे टाकत असल्यासारखा. इन्व्हर्टर मिनिट मोजायला घेई, मधेच सोडून देई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. टक काही होईना.

योगिनीनं इंजिनाचा वेग सांभाळणारा स्क्रू पिळला, सैल केला, पुन्हा पिळला. "जुना झालाय," ती म्हणाली. "आणि हिच्यावर दिव्या-पंख्यांचा काही भार नाही ना, म्हणून भटकते. भार आला की सरळ चालेल."

"मग द्या की भार," अंबाजीराव म्हणाले.

"हाच तर परेशान करतो. तो म्हणतो, आधी सरळ चालून दाखव, मग भार देतो."

"आणि ती म्हणते, आधी भार दे, मग सरळ चालते."

"हौ."

हर्षवर्धन गेली दहा वर्षं, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही असं सांगून पोरं परत पाठवत आला होता. त्याला इन्व्हर्टरचं म्हणणं ताबडतोब पटलं. "लॉजिक बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. मग त्याला अंबाजीरावांचा चेहरा दिसला आणि तो म्हणाला, "चहा घेऊ आधी. मग बघू."

हिम्मतरावांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि टेम्पोच्या मागच्या फळक्याचं माप घेतलं. अगदी सौजन्यानं, पाठ वळवून.

इंदुताई चहाचा ट्रे घेऊन आल्या, तेव्हा अंबाजीराव शेडच्या उंबऱ्यावर बसले होते. योगिनी मान खाली घालून वायरींकडं बघत होती.

"काय झालं?"

"भटकते म्हणतात," अंबाजीराव म्हणाले.

"पूर्वी नाही भटकायची," इंदुताई म्हणाल्या. नाव आपलंच असल्यामुळे त्यांना बाजू घेणं भाग होतं.

योगिनीनं मान वर केली. "पूर्वी कशी चालायची काकू? सुरू केल्या केल्या काय करायचे काका?"

"काय करायचे. आधी आपल्या घरचा स्विच टाकायचे, मग गल्लीचा. किती बोलणी खाल्लीत मी त्यापायी. पार्लरवाली म्हणायची, पैसे आम्ही द्यायचे आणि पहिला उजेड बिरादारणीच्या घरात."

"तुझा स्वयंपाक खोळंबू नये म्हणून," अंबाजीराव म्हणाले.

"स्वयंपाक दुपारी तीनला? वीज गेली की ह्यांना चहा लागायचा. गॅसचा नंबर लागलेला नव्हता आपला. कॉईलची शेगडी होती, लाल व्हायची ती. आधी ती पेटवायची, चहा ठेवायचा, मग गल्लीला लाईट."

योगिनी उठून उभी राहिली. "कॉईलची शेगडी. किती मोठी?"

इंदुताईंनी हातानं दाखवली.

"सरे, ठीक," योगिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "काका, तोच भार होता. पहिला छोटा भार. शेगडी वीज ओढायची म्हणून इंजिन सरळ व्हायचं, मग गल्ली अलगद अंगावर यायची. आपण काय केलं, तिला मोकळीच परीक्षेला बसवलं."

अंबाजीरावांनी यावर विचार केला. "म्हणजे मी बरोबर करत होतो."

"बरोबर करत होता. कशासाठी ते जाऊ द्या."

"चहासाठी," इंदुताई म्हणाल्या.

आता घरात शेगडी नव्हती. दिवे एलईडीचे, पंखा एक. त्यांचा भार इंदुमतीला अंगावर माशी बसावी इतपतच. योगिनी बिरादारांच्या घरात शिरली आणि खोल्या हिंडून आली. शेडच्या भिंतीला लागूनच त्यांची बाथरूम होती, आणि बाथरूममध्ये गिझर होता. ती तिथं एखाद्या देवळात थांबावं तशी थांबली. "हा," ती म्हणाली.

हिम्मतरावांचा दुसरा चहा होईतो भिंतीतून वायर आली. आता इंदुमती सुरू झाली की सगळ्यात आधी बिरादारांचा गिझर लागणार होता, आणि त्या भारानं ती सरळ झाली की इन्व्हर्टर दार उघडणार होता. योगिनीनं कुणाला न बोलावता एकदा करून पाहिलं. इंदुमती खोकली, दोन उसासे टाकले, मग एकदम आवाज खाली आला आणि एका सुरात लागला. पडदा म्हणाला पन्नास. पन्नास. पन्नास.

टक.

अंबाजीरावांनी डोळे मिटले.

"एकदा झालं ते नशीब," योगिनी म्हणाली. इंजिनिअर लोकांचा स्वभावच असा असतो, चांगल्या गोष्टीवर त्यांचा लगेच विश्वास बसत नाही. तिनं पुन्हा केलं. टक. पुन्हा केलं. टक. दर खेपेला ती इंदुमतीला बराच वेळ चालू देई आणि काहीतरी टिपून घेई. मग तिनं बाहेर येऊन हर्षवर्धनला सांगितलं, "बोलवा सगळ्यांना."

सगळे आले. लिफ्टनं आले, जिन्यानं आले, वरचे काही गॅलरीतून वाकले. हर्षवर्धननं घसा साफ केला. "मित्रहो," तो म्हणाला, "सूर्य, सरकार आणि बिरादार काका, या तिन्ही शक्ती आज एकत्र येत आहेत. इथून पुढं मांजरा निवासात अंधाराला जागा नाही." टाळ्या पडल्या. योगिनीनं वीज पाडली.

इंदुमती खोकली. सुरू झाली. उसासे टाकू लागली.

एकावन्न. साडेबावन्न. अठ्ठेचाळीस.

योगिनीचा चेहरा उतरला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. टक नाही. गॅलरीतली डोकी एकेक करून आत गेली. हिम्मतराव खुर्चीतून उठले आणि टेम्पोचा मागचा फळका हळूच खाली केला. अंबाजीरावांनी नुसता इंदुमतीच्या अंगावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

योगिनी धावत त्यांच्या घरात गेली आणि धावतच परत आली.

"गिझर बंद झालाय," ती म्हणाली. "मीच एवढे वेळा चालवून बघितलं. पाणी पूर्ण तापलं, त्यानं आपलं आपण बंद केलं. भार गेला."

"मग पाणी सोडून द्या," हर्षवर्धन म्हणाला. "नळ उघडा."

पुण्याच्या माणसाला समजावं अशा शब्दांत कसं सांगावं हे कुणाला कळेना. शेवटी इंदुताई बोलल्या.

"मे महिन्यात? गटारात? बाबा, कालच टँकर आलाय."

"मग बादलीत भरा."

"पाणी एक दिवसाआड येतं. बादल्या भरलेल्या, टब भरलेला, पिंप भरलेलं, कुकरसुद्धा भरून ठेवलाय. घरात रिकामं काही नाही."

इंदुमती उसासे टाकत होती. मग योगिनीची नजर अंबाजीरावांवर गेली. इंदुताईंची गेली. हर्षवर्धनचीही गेली.

"काका," योगिनी म्हणाली, "कुणीतरी आंघोळ करायला पाहिजे."

"सकाळी झाली माझी."

"परत."

अंबाजीरावांनी वर पाहिलं. मांजरा निवासाच्या वर मे महिन्याचं आभाळ पांढरं झालं होतं. दुपारचा दीड वाजला होता. अशा वेळी हैदराबादेत माणूस ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतो. उकळत्या पाण्यानं आंघोळ करत नाही. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी वाकून ओरडलं, "अंबाजीराव, जा की." मग चौथ्यावरून. मग गॅलऱ्या पुन्हा भरल्या आणि सगळीकडून त्यांचं नाव येऊ लागलं. "अंबाजीराव, आटपा." "अंबाजीराव, वाट बघताय कसली?"

किती दिवसांनी इमारत त्यांना हाका मारत होती. अंबाजीरावांनी सदऱ्याची बटणं काढायला तिथंच सुरुवात केली.

"थंडाचा नळ उघडू नका," योगिनीनं बंद दारातून सांगितलं. "जितकं गरम घ्याल तितकं बरं. तेवढं गार पाणी आत जाईल आणि गिझर लवकर लागेल."

पहिल्या तांब्याला अंबाजीरावांनी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्याला घेतलं ते देवाचं नव्हतं. तिसऱ्यानंतर त्यांना काही कळेनासं झालं. बाथरूम वाफेनं भरली होती आणि त्यांचा रंग आतल्या लाल प्लास्टिकच्या मगाशी जुळत चालला होता. भिंतीपलीकडं इंदुमती उसासे टाकतच होती. ते ओतत राहिले. गल्लीवरून ओढलेल्या वायरी, पार्लरवालीची बोलणी, अमेरिकेला गेलेली पोरं, सगळं डोक्यावरून वाहत गेलं. मग गिझरवरचा लाल दिवा लागला.

भिंतीपलीकडचा आवाज एकदा चढला, एकदा उतरला आणि सरळ झाला. अंबाजीराव तांब्या हातात धरून, श्वास रोखून उभे राहिले. या आवाजासाठी त्यांना पडदा लागत नव्हता. ते मनात मोजू लागले, पण मधेच मोजणं सोडून दिलं, कारण इंदुमती इतकी छान चालली होती की नुसतं ऐकत राहावंसं वाटलं.

टक.

बाहेर एकच गलका झाला. टाळ्या पडल्या. हिम्मतरावांच्या टेम्पोचा फळका वर गेल्याचा आणि खिट्टी बसल्याचा आवाज आला. कुणीतरी "बिरादार काका की जय" म्हणालं, आणि "इंदुमती राहिली, काका, राहिली," असं हर्षवर्धन स्वतः खिडकीशी येऊन सांगू लागला. "आजचा दिवस आपण विसरणार नाही. तुम्ही जे केलंत ते—"

अंबाजीरावांचे डोळे भरून आले. साबण लावलेला नसल्यामुळे त्यांना दुसरं कारण देता आलं नसतं, पण वाफेमुळे ते निभावून गेलं. त्यांनी पंचा गुंडाळला आणि कडीकडं हात नेला. बाहेर सगळी इमारत उभी होती. काय बोलावं, याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

दारावर टकटक झाली. इंदुताई होत्या.

"अहो, आत आहातच तर तेवढी फरशी घासून घ्या. ब्रश खिडकीत आहे."